पुस्तिका आणि हौद

गेल्या वैशाखात आंबेगाव तालुक्यातील एका गावी आमच्या नात्यातल्या मुलीचे लग्न होते. विहारापुढच्या अंगणात मांडव घातलेला, पाहुणे सकाळपासून येऊन बसलेले. विधी लावण्यासाठी ज्यांना सांगितले होते ते गृहस्थ मंचरला दुसऱ्या लग्नात अडकले. साडेबारा वाजले, एक वाजला. पोरे भुकेने रडू लागली. शेवटी माझे चुलते म्हणाले, "तू कॉलेजात शिकवतोस, पुस्तक तुझ्या हातात हाय, वाचता तुला येतं. लाव की! का त्याला बी कुणाची परवानगी लागती?" मी त्रिशरण-पंचशील दिले, वधूवरांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, हार घातले गेले, लोक जेवायला बसले. माझ्या आयुष्यात इतके सोपे काम मी क्वचितच केले असेल.

अडचण पुढे आली. विवाहनोंदणीच्या अर्जावर विधी लावणाराची सही लागते. ती मी केली. पंधरा दिवसांनी एका संघटनेचे तालुक्याचे पदाधिकारी घरी आले. त्यांचे म्हणणे असे की, ज्याने त्यांचे शिबिर केले आहे आणि ज्याच्यापाशी त्यांचे प्रमाणपत्र आहे त्यानेच विधी लावायचा. इतरांनी लावलेला विधी 'अधिकृत' नाही. मी कारण विचारले. ते म्हणाले, "बाबासाहेबांनी घालून दिलेली शिस्त आहे, सर." या वाक्यापुढे आमच्याकडे कोणी बोलत नाही. मीही बोललो नाही. गृहस्थ प्रामाणिक होते, पदरमोड करून समाजाचे काम करणारे होते, म्हणून अधिकच बोललो नाही. पण ते गेल्यावर मला राहून राहून जुन्नर तालुक्यातील ओतूरचे एक दुसरे लग्न आठवत राहिले. ते लग्न सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वीचे. त्याही लग्नात प्रश्न हाच होता : विधी लावण्याचा अधिकार कोणाचा?

हा लेख त्या ओतूरच्या लग्नाविषयी आहे. आणि त्याबरोबरच चळवळ उभी करणाऱ्या पहिल्या माणसाविषयी, म्हणजे तो गेल्यानंतर त्याच्या शब्दाचे पुढचे लोक काय करतात याविषयी आहे.

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असेही नाही. माझा एक जुना विद्यार्थी हिंजवडीत संगणकाच्या कामाला आहे. आईबाप टोमॅटोच्या तोडणीला जाणारे. त्याला मी ही हकिकत सांगितली तेव्हा तो हसला. म्हणाला, "सर, आमच्याकडं पण हेच चालतं." त्याने जे सांगितले ते मला नवे होते. लिनक्स नावाची संगणकप्रणाली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केली. तिचा सगळा मजकूर उघडा. कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा; अट एवढीच की, बदललेला मजकूर वाटायचा झाला तर तोही उघडाच ठेवायचा. जगभरचे हजारो लोक त्यात भर घालतात. मालक असा कोणी नाही. तरीही मूळ शाखेत कोणाचा बदल घ्यायचा आणि कोणाचा नाही, याबाबतचा शेवटचा शब्द तीस वर्षे उलटल्यावरही टॉरवाल्ड्सचाच राहिला. पायथॉन नावाच्या दुसऱ्या एका कामाचा जनक गुइडो व्हॅन रोसम. त्याला त्याचे सोबती गमतीने 'तहहयात कनवाळू हुकूमशहा' म्हणत. २०१८ साली एका बदलावरून कडाक्याचा वाद झाला, आणि तो जिंकूनही या गृहस्थाने कंटाळून पद सोडले. जाताना वारस नेमला नाही. तुमचे तुम्ही ठरवा म्हणाला. लोकांनी पाच जणांचे मंडळ निवडून घेतले. डेबियन या तिसऱ्या गटाने तर १९९८ सालीच स्वतःची लेखी घटना केली, आणि आपला प्रमुख ते दरवर्षी मतदानाने निवडतात. दार सताड उघडे असले तरी उंबऱ्यावर पहिला माणूस बसलेला असतोच. तो कसा बसतो आणि कधी उठतो यावर पुढचे पुष्कळसे ठरते, असा मी याचा अर्थ लावला. ही माणसे गोरी, सुशिक्षित, पोटापाण्याची ददात नसलेली. त्यांचे भांडण एका प्रणालीपुरते. आपले भांडण माणूसपणाचे आहे. म्हणून ही तुलना मी इथेच सोडतो.

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. समाजाचा मूळ सिद्धान्त एका ओळीत सांगता येईल : निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. या सिद्धान्ताचे सामर्थ्य कशात होते? तो पाळण्यासाठी पुण्याला यावे लागत नव्हते. वर्गणी, मंदिर, मठ, दीक्षा, यांतले काहीच लागत नव्हते. ज्या दिवशी एखाद्या खेड्यातील कुणब्याने भटजीला न बोलावता मुलीचे लग्न लावले, त्या दिवशी त्या खेड्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. पहिले लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात लागले, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचे. राधा ही सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची मुलगी. लग्नाचा खर्च सावित्रीबाईंनी सोसला. १८७६ पर्यंत समाजाचे सभासद ३१६ झाले. हा आकडा आजच्या दृष्टीने किरकोळ आहे. पण समाजाची खरी वाढ सभासदांच्या वहीत मोजता येत नाही, ती लग्नांत मोजावी लागते.

पुण्याबाहेर ही लग्ने जिथे घट्ट रुजली त्यांत जुन्नर तालुक्याचे नाव पुढे आहे. ओतूर हे बाजारपेठेचे गाव, तुकोबांचे गुरू मानलेल्या बाबाजी चैतन्यांच्या समाधीचे. भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे यांच्यासारखे कार्यकर्ते इथलेच. या भागातल्या कुळांनी १८८० नंतरच्या दशकात सावकारांच्या जमिनी कसायच्या नाकारल्या, त्यामागेही हीच माणसे होती. मे १८८४ मध्ये ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी आपल्या घरची लग्ने ब्राह्मण पुरोहिताला न बोलावता उरकली. गावच्या जोशांनी फिर्याद केली.

फिर्याद कशाची, हे आजच्या विद्यार्थ्याला चटकन कळत नाही. मी वर्गात सांगतो तेव्हा पोरे एकमेकांकडे पाहतात. जोशीपण हे वतन होते. गावात लग्न लागले की त्या लग्नाची दक्षिणा हा वतनदार जोशाचा वंशपरंपरेचा हक्क. यजमानाने त्याला डावलून दुसऱ्या भटजीला बोलावले तरी गावचा जोशी आपल्या हक्काच्या रकमेसाठी दावा लावी, आणि इंग्रजांची न्यायालये असले दावे मान्य करीत. म्हणजे प्रश्न श्रद्धेचा राहिलेलाच नव्हता. तुमचा त्याच्या मंत्रावर विश्वास असो वा नसो, पैसे द्यायचे. धर्म असा सातबाऱ्यावर चढलेला होता! ओतूरच्या पाटलांनी दुसरा भटजी आणलाच नाही. त्यांनी ती जागाच रिकामी ठेवली. रिकाम्या जागेचे भाडे कसे मागायचे, हा पेच त्यांनी जोशांपुढे आणि न्यायालयापुढे टाकला. वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील या नावाने हा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि कायद्याच्या अहवालांत छापला गेला. जुन्नरच्या डोंगराकडेला असलेल्या गावातला एक शेतकरी एका लग्नासाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढतो, ही गोष्ट मी पदवीला इतिहास घेऊनसुद्धा मला कोणी शिकवली नाही. नोकरी लागल्यावर जुनी पुस्तके चाळताना ती सापडली.

ओतूरचे लग्न १८८४ चे, आणि 'सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजा-विधि' ही जोतीरावांची पुस्तिका १८८७ ची. हा क्रम महत्त्वाचा आहे. आचार आधी, पुस्तक नंतर. लोकांनी धाडस केले, त्यात अडचणी आल्या, भटजी नाही तर म्हणायचे काय असा प्रश्न खेडोपाडी विचारला जाऊ लागला, तेव्हा जोतीरावांनी साध्या मराठीत विधी लिहून छापले. त्या पुस्तिकेतला विधी लावायला ना जात लागते, ना वंश, ना प्रमाणपत्र. वाचता येणारा एक माणूस पुरतो. स्वतःच्या हातातली किल्ली पहिल्या माणसानेच सगळ्यांना वाटून टाकली, असा हा प्रकार आहे.

असे असताना जोतीरावांचा प्रभाव चालत होता तो कसा? समाजाचे अध्यक्षपद त्यांनी धरून ठेवले नाही. स्थापनेनंतर थोड्याच वर्षांत डॉ. विश्राम रामजी घोले अध्यक्ष झाले. 'दीनबंधु' हे चळवळीचे पत्र १ जानेवारी १८७७ रोजी काढले ते कृष्णराव भालेकरांनी. पुढे १८८० मध्ये ते नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईस चालवायला घेतले. पत्र जोतीरावांच्या मालकीचे कधीच नव्हते, आणि याचा चटका त्यांना बसला. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून झाला. लोखंड्यांनी त्याची पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापायचे थांबवले. मजकूर सरकारला आणि वरच्या वर्गाला झोंबणारा होता. ज्याच्या डोक्यावर छापखाना चालवायची जबाबदारी, त्याला भीती वाटणे समजण्यासारखे आहे. जोतीराव संतापले. पण संतापण्यापलीकडे ते काय करू शकत होते? हुकूम देता येईल असे पद त्यांच्यापाशी नव्हते. ग्रंथ त्यांच्या हयातीत पूर्ण छापून निघाला नाही. ज्या माणसाला आपण आज चौकाचौकात पुतळ्याच्या रूपाने उभे करतो, त्याला स्वतःच्याच चळवळीच्या पत्रात आपले पुस्तक छापून घेता आले नाही. ही हकिकत आपल्या जयंतीच्या भाषणांत येत नाही. ती यायला हवी, कारण त्या चळवळीत पहिला माणूस हुकूमशहा नव्हता याचा यापेक्षा चांगला पुरावा दुसरा नाही.

दुसरा प्रसंग ताराबाई शिंद्यांचा. बुलढाण्याच्या या बाईने १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. तिच्यावर तुटून पडले त्यांत सत्यशोधकांची स्वतःची माणसेही होती. पुरोहित नको म्हणणाऱ्या माणसाला घरात नवरेपणाची पुरोहितगिरी मात्र हवी होती. जोतीराव १८८५ च्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले आणि आपल्याच पत्रकर्त्यांना त्यांनी जाहीर सुनावले. इथे त्यांचा प्रभाव दिसतो तो असा : पदाचा नव्हे, लेखणीचा; आणि तोही स्वकीयांविरुद्ध वापरलेला. संस्थापकाची खरी गरज कुठे असते हे मला या प्रसंगावरून कळते. अनुयायांना सोयीचे नसलेले बोलण्यासाठी तो लागतो. बाकी सगळे अनुयायी स्वतःच करतात.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. सावित्रीबाईंनी काम पुढे ओढले, १८९३ च्या सासवडच्या परिषदेत त्या अध्यक्ष होत्या. १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करता करता त्याही गेल्या. नंतर चळवळ विस्कळीत झाली, पण संपली नाही, आणि संपली नाही याचे कारण तिच्या पांगलेपणातच आहे. ज्या चळवळीचे केंद्रच नाही तिला केंद्रावर घाव घालून मारता येत नाही.

या ठिकाणी आंबेगावची एक उलटी गोष्ट सांगितली पाहिजे. जांभोरीचा होन्या भागोजी केंगले या महादेव कोळ्याने १८७३ मध्येच, म्हणजे सत्यशोधक समाजाच्या जन्माच्या वर्षीच, सावकारांविरुद्ध हत्यार उचलले. डोंगरी पट्ट्यातील सावकारांच्या वह्या आणि नाके दोन्ही सलामत राहिनाशी झाली. सरकारने त्याच्या डोक्यावर हजार रुपयांचे बक्षीस लावले. भीमाशंकरच्या रानात लोकांनी त्याला वर्ष-दोन वर्षे जपले. जुलै १८७६ मध्ये मेजर डॅनियलने त्याला पकडले, आणि बंड बसले. होन्याच्या शौर्याला मी रतीभरही कमी लेखत नाही. आदिवासींचा हा इतिहास आपण आपला म्हणून वाचत नाही याची मला शरमच वाटते. पण होन्या पकडला गेला की सगळे थांबते, आणि जोतीराव गेल्यावरही ओतूरचा शेतकरी भटजीवाचून लग्न लावत राहतो, हा फरक नजरेआड करता येत नाही. एकीकडे माणूस गेला. दुसरीकडे माणूस गेला तरी रीत उरली.

रीत उरली, आणि तिला पायही फुटले. सत्यशोधकी जलसे निघाले, त्यांत ओतूरच्या भीमराव महामुनींचे नाव आहे. जलशाचा साचा तमाशाचा. गण तसाच ठेवून त्यात गणपतीच्या जागी निर्मिकाला नमन; गवळणीत कृष्णाच्या खोड्यांच्या जागी भटजीची फजिती. आता, तमाशा हा साचा कोणाचा? ओतूरपासून फार लांब नाही असे नारायणगाव आहे. भाऊ मांग नारायणगावकर आणि त्यांची मुलगी विठाबाई यांचे ते गाव. राष्ट्रपतींकडून सन्मान मिळालेली ही बाई २००२ मध्ये हालअपेष्टांत गेली. महार-मांगांच्या गळ्यातून आणि पायातून आलेला साचा बहुजनांच्या प्रबोधनाला कामी आला. मग त्या प्रबोधनाच्या मांडवात महार-मांग कुठे बसले होते?

हा प्रश्न विचारल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. बाळाजी पाटलांच्या धाडसाला मी मनापासून मान देतो. पण उच्च न्यायालयापर्यंत खटला लढवायला जमीन लागते, पाटीलकी लागते. त्याच ओतूरच्या महारवाड्यातल्या माणसाला असा खटला लढवता आला असता काय? आणि मुळात त्याच्या लग्नाला गावचा जोशी येतच कुठे होता? जे नाकारायचे तेसुद्धा आमच्या वाट्याला नीट आलेले नव्हते.

जोतीरावांनी मात्र आमचा विचार पुस्तिकेच्या कितीतरी आधी केला होता. १८५० नंतर त्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठी पुण्यात शाळा काढल्या. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात : १८६८ चा हौद आणि १८८७ ची पुस्तिका. दोन्ही एकाच माणसाच्या. पुस्तिका गावोगाव गेली, तिच्यावरून लग्ने लागली, तिच्या नकला झाल्या, तिच्यात फेरफार झाले. हौदाची नक्कल कोणी केली? पुस्तिका घेतली की भटजीची दक्षिणा वाचते. हौद घेतला की स्वतःचे काही सोडावे लागते. पहिल्या माणसाने सर्व काही उघडे ठेवले तरी मागचे लोक त्यातले परवडेल तेवढेच उचलतात. संस्थापकाचा प्रभाव किती, हे त्याच्या नावाच्या घोषणांवरून मोजू नये. त्याच्या कोणत्या कृतीची कोणीच नक्कल केली नाही, हे शोधावे.

कायद्याच्या पुस्तकातही हेच दिसते. जोशी वतनाचा तिढा अखेर मुंबईच्या कायदेमंडळात सुटला. सी. के. बोल्यांनी आणलेले विधेयक १९२६ मध्ये मंजूर झाले, आणि न बोलावलेल्या पुरोहिताचा दक्षिणेवरचा हक्क संपला. हेच बोले १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडतात, ज्याच्या आधारावर १९२७ चा महाडचा सत्याग्रह उभा राहिला. त्यांचे ऋण आपण मानलेच पाहिजे. पण त्याच गावगाड्यातले तळाचे वतन म्हणजे महार वतन. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्यासंबंधी विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. महार वतन कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. गावगाड्याच्या वरच्या टोकाचे वतन १९२६ मध्ये सुटते आणि खालच्या टोकाचे सुटायला आणखी बत्तीस वर्षे लागतात. माझ्या आजोबांच्या खांद्यावरची घोंगडी आणि हातातली काठी या बत्तीस वर्षांतली आहे. सत्यशोधक परंपरा सांगणारी मंडळी तेव्हा कायदेमंडळात होती, सत्तेतही होती.

मधल्या काळात जोतीरावांच्या नावावर काय काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळांना ठाऊक आहे. १९११ मध्ये कोल्हापुरात समाजाची पुन्हा उभारणी झाली. १९१३ मध्ये मराठा-बहुजन पुरोहित तयार करणारी शाळा निघाली. शाहू महाराजांच्या थोरवीविषयी आमच्या मनात शंका नाही. माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या पाठीवर हात ठेवणारा हा राजा. पण त्यांनीच १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूचे पीठ स्थापले. दलाल नको म्हणून निघालेली चळवळ स्वतःच्या जातीचा दलाल घेऊन बसली! सत्यशोधकांमधूनच याला विरोध झाला. अहमदनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून 'दीनमित्र' चालवणारे मुकुंदराव पाटील राजाची भीड न ठेवता या पीठाविरुद्ध लिहीत राहिले. मुकुंदराव हे कृष्णराव भालेकरांचेच पुत्र, दत्तक गेलेले. पदे नसतात, हुकूम नसतो, अशा चळवळीत मूळ विचार जपला जातो तो असा, एखाद्या खेड्यातल्या छापखान्यात, एका हट्टी माणसाकडून.

आणि आमच्यापर्यंत जोतीराव आले ते या वाटेने आलेच नाहीत. ते आले गोपाळबाबा वलंगकरांच्या वाटेने. महाडजवळच्या रावढूळचा हा निवृत्त लष्करी महार जोतीरावांच्या विचाराने पेटला, १८८८ मध्ये त्याने 'विटाळ विध्वंसन' लिहिले. त्याने शाखा मागितली नाही, परवानगी मागितली नाही. विचार घेतला, आपल्या दुःखाला जुळवून बदलला आणि पुढे दिला. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले, १९४६ मधला शूद्रांविषयीचा ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला, आणि तरीही ते सत्यशोधक समाजाचे सभासद होऊन राहिले नाहीत. त्यांनी गुरूची पुस्तिका बाजूला ठेवून धर्मच बदलला. गुरूला मानणे आणि गुरूच्या पुढे जाणे या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत.

सुट्टीच्या दिवशी मी विद्यार्थ्यांना लेण्याद्रीला घेऊन जातो. जुन्नरच्या भोवती डोंगरांत दोनशेच्यावर बौद्ध कोरीवकामे आहेत. पश्चिम भारतात एका गावाभोवती इतकी दुसरीकडे नाहीत. लेखांत दाते दिसतात ते बांबूकाम करणारे, कासार, यवन, नहपानाचा अमात्य अयम. एका लेखात धम्मोत्तरीय निकायाच्या भिक्षुणींच्या विहाराचा उल्लेख आहे. म्हणजे संघाचे तोवर फाटे फुटलेले होते, आणि तरीही, किंवा म्हणूनच, तो जुन्नरच्या कड्यापर्यंत पोचला होता. बुद्धाने वारस नेमला नव्हता. आनंदाने विचारल्यावर त्याने धम्माकडे बोट दाखवले, माणसाकडे नाही. बुद्धाने आपल्या धम्मात स्वतःसाठी खास जागा ठेवली नाही, हे बाबासाहेबांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात मुद्दाम मांडले. आता त्या लेण्यांतल्या एका विहारात गणपती आहे आणि खाली पायथ्याशी नारळ विकतात. पोरे विचारतात, "सर, मग बुद्ध कुठं गेला?" मी त्यांना ते भिक्षुणींच्या विहाराचे सांगतो. पूर्ण उत्तर ते नाही, हे मलाही माहीत आहे. वारस न नेमल्यामुळे संघ पसरला, आणि वारस नसल्यामुळेच कोणी येऊन बसले तरी उठा म्हणणारा कोणी उरला नाही, अशी दुहेरी गोष्ट ती आहे.

या दुसऱ्या अर्ध्यामुळेच मला त्या पदाधिकाऱ्यांची भीतीही समजते. उद्या कोणीही उठेल, त्रिशरणाबरोबर सत्यनारायणही घालील, मग धरबंध कोणाचा, असे ते म्हणतात. हे खोटे नाही. आमच्याच भावकीत असे घडलेले आहे. पण त्या भीतीवर शिक्का हा उपाय आहे, असे मानायला मी तयार नाही. शिक्का आला की शिक्क्याची फी येते, फी आली की हद्द येते, हद्द आली की हक्क येतो. ओतूरच्या जोशाचाही पूर्वज कधीकाळी नुसता शिकलेला आणि लोकांनी विश्वासाने बोलावलेला माणूसच असेल.

दिवाळीनंतर आमच्याकडे आणखी एक लग्न झाले, जुन्नर तालुक्यात. या वेळी मी मुद्दामच मागे बसलो. विधी मुलीच्या आजीने लावला. म्हातारीला अक्षरओळख नाही. नागपूरच्या दीक्षेनंतरच्या वर्षांत वाड्यात रोज संध्याकाळी वंदना होई, तेव्हापासून तिला सगळे पाठ आहे. पोरगी-पोरगा तिच्यामागून म्हणत गेले. एके ठिकाणी ती अडखळली, तेव्हा मांडवातल्या बायांनी ओळ पुढे उचलली. नोंदणीच्या अर्जात विधी लावणाराच्या सहीच्या जागी तिने अंगठा उठवला. ग्रामसेवकाने अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "संस्थेचा शिक्का कुठंय?" मी म्हणालो, "संस्था नाही. आजी आहे." त्याने अर्ज टेबलाच्या खणात ठेवला आहे. हे लिहीपर्यंत तो तिथेच आहे. पुढच्या सोमवारी मी पुन्हा जाणार आहे.